इंग्रजीचा पेपर आता लिहायचाय, गोल काळे करायचे नाहीयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नारायण पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास करते, गाव औश्याजवळ, पुण्यातलं हे चौथं वर्ष. आमच्या अभ्यासिकेत दोन पेपर येतात, एक मराठी आणि एक इंग्रजी. मराठी पेपरचे सकाळी नऊलाच चार तुकडे झालेले असतात, पुरवणी एका टेबलावर, अग्रलेखाचं पान दुसऱ्या. इंग्रजी पेपर संध्याकाळीसुद्धा इस्त्री केल्यासारखा घडीतच, फार तर कुणीतरी डब्याखाली अंथरतं. आणि त्याच अभ्यासिकेत प्रत्येकाच्या डेस्कवर इंग्रजी ग्रामरचं जाडजूड पुस्तक आहे, तीन रंगांच्या हायलायटरने रंगवलेलं. म्हणजे इंग्रजीचे नियम सगळ्यांना पाहिजेत, इंग्रजी वाचायला कुणालाच नको.

इतके दिवस चाललं कारण चार ऑप्शनमधून एक निवडायचा होता. आता राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, एकूण ९ पेपर, त्यात इंग्रजीचा ३०० मार्कांचा आणि मराठीचा ३०० चा. हे मार्क १७५०च्या मेरिटमध्ये धरत नाहीत, फक्त २५ टक्के, म्हणजे ७५ पडले पाहिजेत, म्हणून सगळे म्हणतात त्याचं काय टेन्शन. हा पॅटर्न पुढे ढकला म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती, मी तेव्हा नुकतीच आले होते, मी पण बसले. आयोगाने ऐकलं आणि २०२५ पासून लागू केला. मधे जो वेळ मिळाला तो आम्ही कशात घालवला तर परत ऑप्शनवाले प्रश्नसंच सोडवण्यात. मी पण, दुसऱ्याला कशाला बोलू.

माझंच सांगते. एकदा सरावाला स्वतःबद्दल दहा ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि पहिलंच वाक्य चुकलं. मी लिहिलं 'आय ॲम अ एमपीएससी कॅन्डिडेट'. नियम तोंडपाठ होता, ए ई आय ओ यू आलं की ॲन, आणि एम काय स्वर नाही. रूममेट म्हणाली अगं मोठ्याने म्हण, 'एम' म्हणताना तोंडातून आधी ए निघतो, म्हणून ॲन एमपीएससी कॅन्डिडेट, आणि उलट युनिव्हर्सिटी यू ने सुरू होते तरी अ युनिव्हर्सिटी. नियम आवाजाचा होता आणि मी तो चार वर्षं डोळ्यांनी पाठ करत बसले होते.

बाकीच्या आमच्या चुका तर सरळसरळ मराठीतून येतात. आपण 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणतो म्हणून पेपरात 'डिस्कस्ड अबाउट' लिहून येतो, 'मला समजावून सांग' म्हणून 'एक्सप्लेन मी'. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे कुणी क्लासमध्ये सांगत नाही. मी ज्या क्लासला जायचे तिथल्या टेस्टमध्ये 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' पुढे 'इज' बरोबर दिलं होतं. विचारलं तर सर म्हणाले नंबर एकवचनी, पाठ करा. अहो 'द नंबर'ला इज आणि 'अ नंबर'ला आर, एवढ्यासाठी मी फी भरली होती का!

शब्दांचं तर विचारूच नका. आमच्या वहीत 'ओव्हरसाइट म्हणजे देखरेख' असं लिहिलेलं. उताऱ्यात आलं की क्लार्कच्या ओव्हरसाइटमुळे फाईलवर सही राहून गेली, मी आपली देखरेख देखरेख करत तीनदा वाचलं, अर्थच लागेना. तिथे त्याचा अर्थ नजरचूक. 'सँक्शन'चं पण तसंच, कुठे मंजुरी तर कुठे निर्बंध. उद्या अधिकारी व्हायचंय आणि फाईल उलटी वाचायची का. असे शब्द यादीत कळत नाहीत, वाक्यातच कळतात.

आता आम्ही दोघी रोज इंग्रजीतला एक अग्रलेख मोठ्याने वाचतो, मग पेपर मिटून तो एकमेकीला मराठीत सांगतो आणि मग एक तृतीयांशात इंग्रजीतून लिहितो. मराठीतच सांगता आलं नाही तर इंग्रजीत काय डोंबल लिहिणार. पण अभ्यासिकेत 'बोलू नये' अशी पाटी आणि कॉटबेसिसच्या खोलीत आम्ही पाच जणी, म्हणून झेड ब्रिजवर जाऊन बसतो. तिथे आजूबाजूला सगळी जोडपी आणि मधे आमचं व्याजदरांवर वाचन चाललेलं, लोक बघतात.

तर दोन गोष्टी सुचवते. तुम्ही शब्दकोडं देता तसं आठवड्यातून एकदा दोनशे शब्दांचा इंग्रजी उतारा द्या, खाली पाच प्रश्न, उत्तरं पुढच्या आठवड्यात पण कारणासकट. मराठी पेपरात इंग्रजी कशाला असं काही जण म्हणतील, म्हणू दे, आम्ही तुमचाच पेपर फाटेस्तोवर वाचतो म्हणून तिथे पाहिजे. दुसरं, अभ्यासिका चालवणाऱ्यांनी आणि महापालिकेच्या वाचनालयांनी दिवसातून एक तास एक खोली बोलून वाचायला द्यावी. आमच्या अभ्यासिकेत वर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली आहे, सध्या तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. मालक काकांना विचारलं तर म्हणाले लाईटबिल कोण भरणार. आम्ही सहा जणी मिळून भरतो म्हटलं, पंधरा दिवस झाले, बघतो म्हणालेत.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे