एडिसनच्या फार्मसीतल्या ताईंना डोंबिवलीहून पत्र

ताई, नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नोकरीच्या ठिकाणी तुम्हाला उगाच कोणी प्रश्न विचारायला नको. लेक हे पत्र तुम्हाला पाठवणारच आहे, पण मी ते सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही एप्रिलमध्ये जे केलंत ते ज्यांची ज्यांची मुलं तिकडे अमेरिकेत शिकतायत त्या सगळ्या आईबापांना कळलं पाहिजे.

झालं होतं असं की लेक तिथे मास्टर्स करतेय, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत थोडे तास काम करते, त्याचा टॅक्स रिटर्न तिने १५ एप्रिलच्या आत व्यवस्थित भरला होता. नंतर थोड्याच दिवसांत फोन आला. स्क्रीनवर वॉशिंग्टनचा २०२ वाला नंबर, आणि माणूस म्हणतो मी आयआरएसमधून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्यातून, ऑफिसर बोलतोय, बॅज नंबर सांगितला, तिचं नाव माहीत, युनिव्हर्सिटी माहीत, म्हणे तू फेडरल स्टुडंट टॅक्स भरलेला नाहीस, तुझ्या नावाने वॉरंट निघालंय, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील, व्हिसा रद्द होईल आणि तुला परत पाठवतील. फोन कट केलास तर पळून जातेयस असं धरू, कोणाला सांगितलंस तर त्यांच्यावरही केस. मधेच दुसरा कॉल आला तर तो चक्क तिथल्या पोलीस स्टेशनचा नंबर. २,००० डॉलर आत्ताच्या आत्ता, आणि तेही गिफ्ट कार्डात.

इथे मला कोणी कोणी म्हणालं की एवढी शिकलेली मुलगी आणि गिफ्ट कार्डाने टॅक्स भरायला निघाली? मला याचा फार राग येतो. परक्या देशात एकटी मुलगी, बापाने एज्युकेशन लोन काढून पाठवलेली, आणि तासभर कानात कोणीतरी सतत ओरडतोय, विचार करायला श्वास घेऊ देत नाही, तिथे शिक्षण काय करणार. शिवाय नव्याने गेलेल्या पोरांना तिकडचे टॅक्सचे फॉर्म कुठे नीट कळतात, १०४०-एनआर काय, ८८४३ काय, आपलं काहीतरी राहिलं असेल ही भीती मनात आधीच असते. त्या लोकांना ती बरोबर माहीत असते, म्हणून तर परदेशी विद्यार्थी आणि म्हातारी माणसं शोधतात.

आणि मग ती तुमच्या काउंटरवर आली, ५०० ची चार कार्डं घेऊन, एका कानात इअरफोन. तुम्ही नुसतं बघितलंत की पोरीचा हात थरथरतोय. ती पुटपुटली ‘आई गं’, तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत मराठी आहे. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पावतीच्या मागे पेनाने लिहिलंत, ‘फोनवर कोण आहे? बोलू नकोस, इथे लिही.’ तिने लिहिलं, ‘टॅक्स ऑफिसर. पोलीस येतायत.’ मग तुम्ही मुद्दाम मोठ्या आवाजात इंग्लिशमध्ये सांगितलंत की सिस्टीम डाऊन आहे, कार्ड ॲक्टिव्हेट होणार नाही, थांबावं लागेल. त्या माणसाला ऐकू जावं म्हणून! आणि खाली लिहिलंत, ‘चोर आहे. तू काही केलेलं नाहीस. फोन ठेव, मी इथेच आहे.’

ती पावती लेकीने जपून ठेवलीय, मला फोटो पाठवला. ‘तू काही केलेलं नाहीस’ हे वाचून मी इथे किती रडले असेन. कारण तासभर तो माणूस तिला हेच सांगत होता की तू गुन्हेगार आहेस, आणि ते खोडून काढणारं तिथे दुसरं कोणीच नव्हतं. हे लोक आधी माणसाला एकटं पाडतात, बाकी सगळं त्याच्या नंतर. तुम्ही तिचं ते एकटेपणच मोडलंत.

फोन ठेवल्यावर तो पुन्हा पुन्हा वाजत होता म्हणे, तुम्ही तो बंद करून बाजूला ठेवलात, मॅनेजरला सांगून तिला आत खुर्चीवर बसवलंत, पाणी दिलंत, आणि मग तुमच्या फोनवरून मला कॉल लावून दिलात. आमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. तुम्ही पहिलं वाक्य बोललात, ‘मुलगी सुखरूप आहे, पैसे गेले नाहीत, आता ऐका.’ याच क्रमाने. दीड वाजता अनोळखी नंबर बघून आईच्या पोटात काय होतं हे तुम्हाला कळत होतं.

त्यानंतर तुम्ही समजावलंत ते मी इथे लिहितेय, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. फेडरल स्टुडंट टॅक्स नावाचा टॅक्स अस्तित्वातच नाही, आयआरएसने २०१६ मध्येच तसं जाहीर सांगितलंय. खरी नोटीस आधी पोस्टाने कागदावर येते, आणि आकडा पटला नाही तर दाद मागायची संधी मिळते. टॅक्स फक्त यूएस ट्रेझरीच्या नावाने भरायचा असतो, गिफ्ट कार्डाने कधीच नाही. व्हिसा रद्द करणं आयआरएसच्या हातात नाही. आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर कोणालाही खोटा दाखवता येतो, त्यामुळे पोलिसांचा दिसला म्हणून तो पोलिसांचा होत नाही. कार्डाची चंदेरी पट्टी खरवडून नंबर वाचून दाखवला की पैसे काही मिनिटांत काढून घेतात. तेवढ्यातूनही कोणी देऊन बसलंच तर कार्ड आणि पावती टाकायची नाही, लगेच कार्ड कंपनीला फोन करायचा.

लेकीने त्या माणसाला सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे तिकडच्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे सांगितले होते. ते तुम्ही आठवणीने विचारलंत, आणि तिथेच बसवून इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करायला लावलंत, म्हणजे तिच्या नावाने दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये. ते फुकट होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. टिग्टाकडे, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्यावर देखरेख करणाऱ्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसकडे तक्रारही तुम्हीच भरून घेतलीत. तुमची शिफ्ट केव्हाच संपली होती हे लेकीला नंतर कळलं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली होती, ७०० च्या वर पोरं एका रात्रीत ताब्यात घेतली, ७० जणांना अटक, सगळी अमेरिकेत फोन लावून आयआरएसचे ऑफिसर बनत होती. त्याच महिन्यात अमेरिकेने ५६ जणांवर आणि अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांवर आरोप ठेवले, २०१८ मध्ये तिकडे २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना तर २० वर्षांपर्यंत. तेव्हा मी पेपरात वाचून पान उलटलं होतं, कुठल्या तरी अमेरिकन म्हाताऱ्यांचं काहीतरी म्हणून. आता वाटतं, डोंबिवलीहून ठाणे आणि पुढे घोडबंदर रोडने मीरा रोड, एवढ्या अंतरावर कोणाची तरी मुलं रात्रपाळीला बसून दुसऱ्या कोणाच्या मुलांना रडवत होती. माझ्या लेकीला फोन करणारा कुठे बसला होता मला माहीत नाही, पण कुठेही असला तरी त्याच्याही घरी आई असेलच ना.

लेक आता ठीक आहे. पहिले काही दिवस अनोळखी नंबर दिसला की घाबरायची, आता सरळ कट करते. युनिव्हर्सिटीत नवीन आलेल्या पोरांना बसवून हे सगळं सांगते, मराठीत, तेलुगूवाल्यांना इंग्लिशमध्ये, आणि तुमच्या पावतीचा फोटो दाखवते. इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसनेही तिला ओरिएंटेशनला बोलायला बोलावलंय.

तुम्ही तिला म्हणालात की थँक्यू कसलं, माझी मुलगी असती तरी हेच केलं असतं. ताई, तुम्ही म्हणताय ते खरंच आहे, पण मला आभार मानू द्या.

जूनमध्ये लेक घरी येतेय, परत जाताना तिच्या बॅगेत तुमच्यासाठी खाऊ असणार आहे, तेव्हा भाजणीच्या चकल्या आवडतात की लसणाचा चिवडा ते तिला आधीच सांगून ठेवा. नाही म्हणायचं नाही. आणि इकडे आलात की आमच्याकडेच उतरायचं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर आहे.

तुमची,
तिची आई