मनू, तुझं ते पान वाचलं

प्रिय मनू,

तू पाठवलेलं तुमच्या जर्नलचं 'आमची उद्दिष्टं आणि मूल्यं' वालं पान दोनदा वाचलं. आधी कौतुक, लॉ करता करता इंटरनॅशनल लॉच्या जर्नलवर एडिटर म्हणून घेतलं ही काही साधी गोष्ट नाही, बाबा तर दिसेल त्याला सांगत सुटलेत आणि निम्म्या लोकांना वाटतंय तू पत्रकार झालीस.

आता खरं सांगू का? पान फार गुळगुळीत झालंय गं. 'उच्च दर्जा', 'जागतिक दृष्टिकोन', 'सर्वसमावेशक व्यासपीठ', यातलं कुठलंही वाक्य उचलून दुसऱ्या जर्नलला चिकटवलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

मी प्रोफेसर नाही, तीस वर्षं वकिली केली एवढंच, पण असल्या लिखाणाचा उपयोग काय ते मला दोन मासेमारी होड्यांच्या केसवरून कळलं. १८९८ मध्ये स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकन नौदलाने क्यूबाजवळ 'पाकेते हबाना' आणि 'लोला' या होड्या पकडल्या, एकीवर तीन माणसं, दुसरीवर सहा, माल म्हणजे ताजी मासळी, आणि त्या बिचाऱ्यांना युद्ध सुरू झालंय हेच माहीत नव्हतं. होड्या लिलावात गेल्यासुद्धा. १९०० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पकडणं बेकायदा ठरवलं. कशाच्या जोरावर? शेकडो वर्षं देश मच्छीमारांशी कसे वागत आले त्याच्या, आणि ते वागणं ज्यांनी नोंदवून ठेवलं त्या लेखकांच्या. वर कोर्टाने हेही बजावलं की आम्ही लेखकांकडे कायदा कसा असावा हे विचारायला जात नाही, तो खरोखर काय आहे याचा भरवशाचा पुरावा बघायला जातो.

माझं सगळं म्हणणं त्यातच आलं बघ. देशांच्या डोक्यावर पार्लमेंट नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्टॅट्यूटमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीत, कलम ३८ ने विद्वानांच्या लिखाणाला जागा दिलीय, कायदा काय आहे ते ठरवायचं दुय्यम साधन म्हणून का होईना. तेव्हा लेखकाने 'असावा' असं म्हणायचं तिथे हळूच 'आहे' लिहिलं तर एडिटरनं तिथेच पेन टेकवायचं. नवा विचार मांडू दे की, पण तो नवा आहे हे कबूल करून.

फुटनोट तपासायचा कंटाळा येतो म्हणालीस. मी एकदा एका लेखातली फुटनोट जशीच्या तशी उचलून कोर्टात दिली, मूळ निकाल उघडलाच नाही, समोरच्या वकिलाने तो उघडून वाचून दाखवला आणि त्यात नेमकं उलटं लिहिलेलं होतं, कान लाल झाले माझे. त्या लेखाचाही कुणी एडिटर असेलच ना.

कलम ३८ मध्ये शब्द आहेत 'विविध राष्ट्रांचे' विद्वान. (त्याच कलमात 'सुसंस्कृत राष्ट्रं' हा शब्दही आहे, वाचताना दरवेळी खटकतो.) म्हणून 'सर्वसमावेशक' काढून टाक आणि सरळ लिही की 'सगळे देश असं वागतात' म्हणणाऱ्या लेखकाला आम्ही विचारू, बाबा रे, कुठले देश? सगळ्या फुटनोटा इंग्रजी पुस्तकांच्या आणि त्याच चार-पाच देशांच्या असतील तर ते सगळे देश नव्हेत. लेखकाचं इंग्रजी अडखळतं म्हणून लेख परत पाठवू नका, भाषा तुम्ही नीट करू शकता, मुद्दा नाही.

बाकी ब्लाइंड रिव्ह्यू (लेखकाचं नाव झाकून लेख तपासणं) वगैरे ठीक आहे. फक्त पुस्तक परीक्षणांबद्दल एक ओळ घाल. युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉचे एडिटर जोसेफ वायलर त्यांच्या एका वेबसाइटवर आलेल्या, दुसऱ्याने लिहिलेल्या कडक परीक्षणासाठी पॅरिसच्या फौजदारी कोर्टात आरोपी म्हणून उभे राहिले होते, पुस्तकाच्या लेखिकेने परीक्षण काढा म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं पण तुमचं उत्तर छापतो म्हणाले, ते तिला मान्य नव्हतं. २०११ मध्ये निर्दोष सुटले. तेव्हा लिही की आम्ही परीक्षण मागे घेणार नाही, उत्तराला जागा देऊ. असं लिहायला तुमच्या फॅकल्टी ॲडव्हायझरची तयारी आहे का ते मात्र आधी विचार.

पानावर खुणा करून स्कॅन पाठवलाय, लाल जास्त दिसेल, घाबरू नकोस. रविवारी फोन कर, दुसऱ्या पॅराग्राफवर भांडायचंय मला.

तुझी,
आई