मंत्री साहेब, फळ्यावरच्या एका वाक्यासाठी मला नोटीस आलीय

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका अंशतः अनुदानित हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी होती. मी नववीच्या वर्गात होते, फळ्यावर मधोमध एक वाक्य लिहिलेलं, "तू खोटं बोलू शकतोस", आणि त्याच्या भोवती पोरांनी विचारलेले प्रश्न. आलेल्या साहेबांनी दारातूनच फळ्याचा फोटो काढला, मला एका शब्दाने विचारलं नाही, संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली कुणीतरी लिहिलेलं की आजकाल शाळेत हे शिकवतात. सोमवारी नोटीस हातात. विद्यार्थ्यांना असत्य बोलण्यास प्रवृत्त करणारा व अभ्यासक्रमबाह्य मजकूर अध्यापनात वापरल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खुलासा मी दिलाय. पण जे सांगायचंय ते एका पानात मावत नाही, आणि तो कागद फाईलला लागला की कुणी उघडणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

साहेब, ते वाक्य माझं नाही. लोइस लोरी नावाच्या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' म्हणून कादंबरी आहे, १९९३ सालची, पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी मेडल मिळालं, तिकडे मुलांच्या पुस्तकांसाठी तो फार मोठा मान असतो. त्यात एक वस्ती आहे, तिथे भांडण नाही, उपासमार नाही, प्रत्येक घरात दोनच लेकरं, एक मुलगा एक मुलगी, आणि बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांची समिती ठरवून टाकते की कुणी आयुष्यभर कोणतं काम करायचं. जोनस नावाच्या पोराला निवडतात ते गावाच्या जुन्या आठवणी सांभाळायला, कारण बाकी कुणाला मागचं काहीच ठाऊक नाही. त्याला एक कागद मिळतो. आठ नियम. आणि आठवा नियम, तू खोटं बोलू शकतोस. जिथे शब्द जरा इकडचा तिकडे झाला तरी लहान पोरांना धाक दाखवतात, चुकलं की सगळ्यांसमोर माफी मागायला लावतात, तिथे हा नियम!

मी तिथे पुस्तक मिटलं. मुद्दाम. कारण थोडं पुढे गेलं की जोनसच्या मनात जी भीती येते ती लेखिका स्वतःच लिहून टाकते, आणि मला ती पोरांच्या तोंडून यायला हवी होती. बराच वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो इंग्रजीच्या तासाला कधी मान वर करत नाही, तो म्हणाला, "मॅडम, मंग बाकीना लोकेसना कागदवर बी हाईच लिखेल व्हई ते?" म्हणजे बाकी सगळ्या मोठ्या माणसांच्या कागदावर पण हेच लिहिलेलं असलं तर? साहेब, अगदी हाच प्रश्न जोनसला पडतो. वर्गात एकदम गलका झाला. एक पोरगी म्हणे पण तिसऱ्या नियमात लिहिलंय ना की त्याने कुणालाही काहीही विचारलं तरी उत्तर मिळेल, मग त्याने बापाला विचारावं. दुसरी ताडकन उठली, कागदावर बोट ठेवून म्हणाली, उत्तर मिळेल असं लिहिलंय, खरं उत्तर मिळेल असं कुठे लिहिलंय?

त्या पोरीच्या घरात इंग्रजी सोडा, मराठी पण बाहेरची भाषा आहे. घरी पावरी बोलतात. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. तिने दोन नियम शेजारी ठेवून त्यातली फट दाखवली. तिथे खोटं बोलायला कोण शिकत होतं, मला सांगा. खोट्याची भीती काय असते हे ती पोरं शिकत होती, आणि समोर आलेला कागद कसा वाचायचा ते शिकत होती. उद्या याच पोरीच्या घरी मुकादम कागद घेऊन येईल, उचल घ्या, अंगठा द्या. तेव्हा काय लिहिलंय आणि काय लिहिलेलंच नाही हे कोणीतरी बघायला नको का?

मी शिकवते कसं ते पण सांगते, कारण नोटिशीत 'अध्यापन' हा शब्द आहे आणि अध्यापन कुणी बघितलंच नाही. पुस्तकाच्या दोन प्रती, दोन्ही माझ्या पैशाने. रोज एकच परिच्छेद फळ्यावर, आधी इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत, अडलं तर अहिराणीत, पावरीत, पोरंच एकमेकांना सांगतात. मग मी विचारते, कशावरून? जे काय म्हणायचं ते म्हण पण ओळीवर बोट ठेवून म्हण. तिसऱ्या प्रकरणात जोनसच्या हातातलं सफरचंद हवेत असताना क्षणभर बदलतं, कसं बदललं ते त्याला सांगता येत नाही, थेट बाराव्या प्रकरणात कळतं की त्याला लाल रंग दिसला होता आणि त्या गावात कुणाला रंगच दिसत नाहीत. मी अजून तिथवर गेलेले नाही. पण पोरं सफरचंदाच्या पानावर दोन दोनदा गेलीत, चव बदलली का, आकार बदलला का, सगळं एकेक करून खोडलंय. एका पोराने वहीत लिहिलंय, 'इथे कोणत्याच गोष्टीचा रंग सांगत नाहीत.' नववीतलं पोरगं. मी तासाभराने ती वही परत उघडून बघितली.

पुस्तक सोपं नाही, मान्य. पुढे त्यात एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे, मोठ्यांना पण वाचवत नाही असा. अमेरिकेत १९९० च्या दशकात ज्या पुस्तकांवर जास्तीत जास्त हरकती घेतल्या गेल्या त्यात हे पुस्तक होतं. पालकांनी हरकत घ्यावी, अधिकाऱ्यांनी पण घ्यावी, मी समोर बसून उत्तर देईन. पण आधी वाचा ना! निदान ते एक पान. फोटोतल्या चार शब्दांवर नोटीस निघते याचा अर्थ वाक्याच्या मागचं पुढचं बघायचं असतं हेच माहीत नाही, आणि नेमकं तेच मी शिकवत होते.

आणि हा तास मी चोरून घेतलेला नाही. मागच्या १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात एका मोठ्या अधिकाऱ्यांनी स्टेजवरून सांगितलं की प्रत्येक हायस्कूलला आठवड्यातून वाचनाचा तास ठेवा, पुस्तकांचा संच आम्ही पाठवतो. टाळ्या झाल्या, फोटो अपलोड झाले. संच आजपर्यंत आला नाही. विचारलं की वरून आला नाही. आमच्याकडे पटसंख्या कमी म्हणून पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद नाही, पुस्तकांचं कपाट आहे त्याची किल्ली क्लार्कजवळ. आता या नोटिशीनंतर तो तासच काढून टाकला, तिथे सराव चाचणी घ्या म्हणे. दहावीच्या इंग्रजी पेपरला न वाचलेला उतारा येतो, तो पोरांनी कशाच्या जोरावर सोडवायचा, गाईडमध्ये तो कुठून येणार?

आता माझं पण ऐका. मी लागले तेव्हा शाळा विनाअनुदानित होती, वर्षानुवर्षं पगार नाही, सासरच्यांचे टोमणे खात बिनपगारी शिकवलं. मग २० टक्के अनुदान, मग ४०, आता ६०. काम मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसलोय, पावसात, लेकरू घरी तापाने फणफणत असताना. १ नोव्हेंबर २००५ नंतरची म्हणून जुनी पेन्शन नाही. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम मी करायचं, घरोघर सर्व्हे मी करायचा, आधार जुळत नाही म्हणून पोरांच्या आईबापामागे मी फिरायचं, आणि ते तर उसाच्या फडात सांगली नाहीतर सुरतेकडे. एप्रिलमध्ये आमच्याकडे ४४ अंशाच्या वर पारा जातो, पत्र्याच्या वर्गात पंखा फिरत नाही. हे सगळं करून जो तास उरतो त्यात मी एक परिच्छेद वाचते. त्याची पण नोटीस?

हे तपासणीला आलेल्या एकट्या साहेबांचं नाही, मला कळतं. त्यांच्याकडे पण फॉर्म असतो, त्यात रकाने असतात, आणि 'पोरांनी कोणता प्रश्न विचारला' असा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. पट, हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ, चाचणीचे गुण ॲपवर भरले का. जे मोजता येतं तेवढंच शिक्षण असं वरपासून खालपर्यंत ठरलंय. याच खान्देशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते. २०२४ ला त्याच अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, कमानी लागल्या, मोठमोठी माणसं बोलून गेली. तिथून तापी ओलांडली की आमचा तालुका, आणि इथे पुस्तक वाचून घेतलं म्हणून बाईला खुलासा मागतात. कोणत्या वाचनसंस्कृतीबद्दल बोलतो आपण?

मला सत्कार नको, बदली नको. नोटीस लेखी मागे घ्या, तोंडी नको, तोंडी आम्ही खूप ऐकलंय. वाचनाचा तास वेळापत्रकात परत द्या आणि मेहेरबानी करून त्याची परीक्षा घेऊ नका, त्याचा डॅशबोर्ड बनवू नका. कबूल केलेला संच पाठवा, मराठी पुस्तकंच पाठवा, चालतील, हवीच आहेत, पण चाळीस पुस्तकांची एक एक प्रत नको, एका पुस्तकाच्या वीस प्रती द्या, वर्गाने एकत्र वाचायचं तर तशाच लागतात. आणि तो फोटो ग्रुपवरून काढायला सांगा.

अजून एक. तपासणीच्या दिवशी टेबलावरची एक प्रत 'बघतो' म्हणून साहेब गाडीत घेऊन गेले. ती परत पाठवा. त्यांना वाचायची असेल तर वाचून पाठवा, पण महिनाअखेरपर्यंत पाठवा, दहावं प्रकरण राहिलंय आणि एका प्रतीवर साठ पोरं होत नाहीत.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव