ती काडी कापू नकोस

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि दुसऱ्या पानावर मी थबकले. "होयाला तीन वर्षं झाली, फूल नाहीच, उलट हातभर लांब बोडकी काडी बाहेर आली आहे. रविवारी कापून टाकते," असं लिहिलंयस. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी लिहायला बसले. सुलू, ती काडी कापू नकोस.

ती काडी वाळलेली नाही, आजारी नाही आणि वायाही जात नाही. होया या वेलीची वाढ अशीच असते. आपल्या ओळखीच्या बहुतेक वेली एक पेर, दोन पानं, पुन्हा एक पेर, अशा पुढे सरकतात. होया आधी नुसतं खोड पुढे पाठवते. रानात ती दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहते. बांडगुळासारखी त्यांचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. म्हणून आधी धरायला काही सापडतंय का ते बघायचं आणि मग पानं काढायची, अशी तिची रीत. त्या काडीच्या पेरांवर नीट बघ. प्रत्येक पेराशी समोरासमोर दोन बारीक टोकं दिसतील, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ती तिची पानं आहेत. माझ्या वेलीवर अशी टोकं कितीतरी आठवडे जशीच्या तशी होती, आणि मग पंधरा दिवसांत सगळी उघडली.

आणखी एक सांगते. एका पातळ काठीशी त्या काडीच्या टोकाची जागा खूण करून ठेव आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बघ. टोक जागेवर नसेल. ते हवेत सावकाश गोल फिरत असतं. डार्विनने हे बघितलं होतं. १८६५ साली त्याने वेलींच्या हालचालींबद्दल जे प्रसिद्ध केलं, त्यात याच होयाची ३२ इंच लांबीची, एकही पान न उघडलेली लोंबती काडी आहे. ती हळूहळू या बाजूकडून त्या बाजूला झुलत होती आणि टोकाची पेरं पूर्ण वर्तुळं घेत होती, असं त्याने नोंदवलंय. हे वाचल्यापासून माझ्या खिडकीतल्या काडीकडे मी वेगळ्याच नजरेने बघते. तुझ्या काडीला जवळ एखादी जाळी नाहीतर तारेचं कडं दे. नको असेल तर लोंबू दे, त्यानेही बिघडत नाही.

आता फुलाचं. तिथे मी एकदा मोठी चूक केली आहे आणि ती तुझ्या हातून होऊ नये. माझ्या वेलीला पहिल्यांदा फुलं आली, गळली, आणि मागे बोटाच्या पेराएवढा एक बोडका देठ राहिला. गुलाबाचं कसं करतो, तसं मी तो साफ कापून टाकला. पुढच्या वर्षी तिथे काहीच आलं नाही. नंतर कळलं की होया त्याच देठावर पुन्हा पुन्हा फुलते. गुच्छ गळला तरी देठ जिवंत राहतो आणि पुढच्या बहराला त्याच्याच टोकाशी नव्या कळ्या धरतो. तो कापला की वेलीला नव्याने देठ घडवावा लागतो, आणि ही वेल काही घाईने करत नाही. माझ्या सगळ्यात जुन्या देठावर आतापर्यंत सहा वेळा फुलं आली. तो थोडा लांबला आहे आणि प्रत्येक बहराचे व्रण त्याच्यावर दिसतात.

तीन वर्षांत फूल नाही म्हणून निराश होऊ नकोस. छाटापासून लावलेल्या वेलीला इतका वेळ लागतो, कधी जास्तही. पण तू लिहिलंस की कुंडी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, कपाटावर आहे. तिथे ती जगेल, फुलणार नाही. तिला उजेड भरपूर हवा. खिडकीलगत, सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. दुपारचं कडक ऊन मात्र काचेतून थेट नको, पानं फिकट पडून पिवळी होतात. कोपऱ्यातून एकदम उन्हात नेऊ नकोस, आठवड्या-आठवड्याने पुढे सरकव. आणि एकदा कळ्या दिसल्या की कुंडीची जागा बदलायची नाही, माती अगदी कोरडी पडू द्यायची नाही. कळ्या फार हळव्या असतात, एका दिवसात सगळ्या गळतात.

पाण्याबद्दल तू विचारलंस की दोन दिवसांनी घालते ते पुरेसं आहे का. फार जास्त आहे, सुलू. माझी पहिली होया मी अशीच घालवली. पानं मऊ पडली, सुरकुतली, मला वाटलं तहानली, मी आणखी पाणी दिलं. कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी, बोटात धरली तर साल सुटून हातात येत होती. मुळं कुजली की वेलीला पाणी ओढता येत नाही आणि पानं तहानल्यासारखीच दिसतात. दोन्हीत फरक मातीवरून कळतो, म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत खोचून बघ. आत गार-ओलं लागलं तर थांब. दुसरी खूण पानाची. एक जुनं पान हलकेच दुमडून बघ. ताठ, चामड्यासारखं असेल तर पाणी नको. सहज वाकलं आणि माती कोरडी असेल, तर कुंडीच्या तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी दे आणि बशीत साठलेलं ओतून टाक. त्या जाड पानांत तिचा साठा असतो. शिवाय ही वेल पानांची छिद्रं दिवसा बरीचशी मिटून ठेवते आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत घेते, निवडुंगासारखी. म्हणून तिचं पाणी कमीच उडतं. थंडीत तर आणखीच कमी दे.

मोठ्या कुंडीत हलवायचा विचार सोडून दे. झाडावर राहणाऱ्या वेलीची मुळं सालीच्या खाचेत, थोड्याशा पालापाचोळ्यात वाढतात. त्यांना कुंडी जरा आवळ असलेलीच मानवते. मोठ्या कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि तिथेच कुज धरते. बदलायची तर माती बदल. नुसती बागेची माती दाबून भरली असशील तर त्याऐवजी कोकोपीट, झाडाच्या सालीचे तुकडे आणि पर्लाइट (ते पांढरे, हलके खडे) असं मोकळं मिश्रण घाल. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने. यापलीकडे खताचा विचार करू नकोस.

पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुसून काढायचा आणि आठवड्याने पुन्हा बघायचं. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा, काळ्या पायांचा मावा येतो, तोच जो रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो. होया त्यांच्याच कुळातली. पान तोडलंस तर रुईसारखाच पांढरा चीक येईल. तो डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.

त्या हृदयाच्या आकाराच्या पानाचं सांगायचं राहिलं. वाढदिवसाला कुणीतरी लहान कुंडीत एकच पान खोचून दिलंय असं तू लिहिलंस. तीही होयाच, होया केरी. पण त्या पानाबरोबर खोडाचं पेर आलं नसेल तर त्याला मुळं फुटतील, ते वर्षानुवर्षं हिरवंगार राहील, आणि वेल मात्र कधीच होणार नाही. नवा फुटवा पेरातूनच येतो. पान म्हणून जप. पेर असलेली छाट मी तुला नंतर देईन.

नावाचं तुला आवडेल म्हणून लिहिते. होया हे नाव एका माळ्याचं आहे. थॉमस हॉय हा इंग्लंडमधल्या सायन हाउसचा, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकचा माळी. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये या वेलींना त्याचं नाव दिलं. पाण्यातले सूक्ष्म कण सतत थरथरत असतात, हे १८२७ मध्ये पाहणारा ब्राउन तो हाच. राजे-उमरावांची नावं झाडांना खूप मिळाली, इथे ड्यूक बाजूला राहिला आणि माळ्याचं नाव लागलं, याचा मला फार आनंद वाटतो.

गेल्या आठवड्यात माझ्या त्या जुन्या देठाला फुलं आली. कळ्या बंद असताना मेणाच्या पाचकोनी डब्यांसारख्या दिसतात, कडा अगदी रेखीव. रात्री साडेनऊच्या सुमारास दिवा मालवायला गेले तेव्हा त्यातल्या दोन उमलल्या होत्या. फिकट गुलाबी पाच पाकळ्या, वरून बारीक लव असलेल्या, आणि मधोमध दुसरी एक चांदणी, चकचकीत, लालसर. गुच्छात वीस-बावीस फुलं असतील. वास दिवसा जाणवत नव्हता, अंधार पडल्यावर खोलीभर झाला, गोड आणि जड. फुलांच्या मधोमध मधाचे थेंब साठले होते, एक ओघळून खिडकीच्या कठड्यावर पडला. बोटाने टिपला तर चिकट. यांच्या परागांची धूळ उडत नाही. ते मेणासारख्या जोडगोळ्यांत बांधलेले असतात आणि कीटकाच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलाकडे जातात. मी भिंगातून बराच वेळ शोधलं, चांदणीच्या दोन टोकांमधल्या फटीत ती सुईच्या अग्राएवढी गाठ दिसली.

तेव्हा तू बरोबर हवी होतीस असं फार वाटलं. तुझी वेल याच वेलीची छाट आहे, म्हणजे फुलंही अशीच येतील. रविवारी कात्रीऐवजी फोन हातात घे आणि त्या काडीच्या टोकाचा जवळून फोटो काढून पाठव. पेरांवरची ती टोकं मला बघायची आहेत. आणि कुंडी कपाटावरून उतरवलीस का, तेही लिही.

तुझीच,
मीना