मुठीत काही न ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

माझ्या दादाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तो गेल्यानंतरच्या धम्मविधीला, तुम्ही बौद्धाचार्य म्हणून विधी केलात आणि आम्ही पुढे केलेलं पाकीट आईच्याच हातात ठेवून निघून गेलात. गर्दीत धड बोलणंही झालं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. कन्नमवार नगरात तुम्हाला सगळे ओळखतात, बाकीच्या मुंबईलाही कळू दे.

दादा ऐन पावसात गेला. कामावरून साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला, ताप चढला, लेप्टो (पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) निघाला. त्यानंतर आईचा एकच धोशा होता, माझ्याच लेकराला का, आणि आता तो कुठे असेल?

अशा प्रश्नांवर टपून बसलेली माणसं थोडी नाहीत. नात्यातल्या एकांनी तिला कुठल्याशा गुरूंच्या शिबिराला नेलं. मागे बुद्धाची भली मोठी तसबीर, पुढे गादीवर ते. मुलगा मागच्या जन्माचं फेडून गेला म्हणाले, आईच्या खात्यावरही काहीतरी असणार म्हणाले. तो कुठे जन्मलाय हे त्यांना दिसत होतं, पण सांगण्यासाठी साधनेची पुढची पायरी घ्यायची, आणि पायरीचे पैसे वेगळे. आई घरी आली ती स्वतःलाच दोषी धरून. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून पोर गेलेल्या बाईला हे सांगायला जीभ कशी रेटली, या विचाराने आजही माझा संताप होतो.

तुम्हाला तिने तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "ताई, तो कुठे आहे ते मला माहीत नाही." मग संयुत्त निकाय या पाली ग्रंथातल्या मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाबद्दल सांगितलंत. माणसाच्या वाट्याला येणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असतं का, असं त्याने बुद्धांना विचारलं होतं. बुद्धांनी पित्त, कफ, वात अशी एकेक कारणं सांगितली. ऋतू बदलल्यानेही वेदना होते, हयगयीने होते, आघाताने होते. कर्म हे त्यातलं एक, आणि सगळंच त्याच्या माथी मारणारे आपल्याला कळतं त्याच्या पलीकडचं बोलतात. 'ऋतू' म्हणताना तुम्ही खिडकीबाहेरच्या पावसाकडे हात केलात.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल. आई प्रौढ साक्षरता वर्गात शिकली, ग्रंथातला बारीक टाइप तिला लागत नाही. तुमच्या ते कधी लक्षात आलं कोण जाणे. संध्याकाळी तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं गुंडाळून आणलीत. कोऱ्या बाजूवर काळ्या स्केचपेनने, बोटभर उंच अक्षरांत ते सूत्र सोप्या मराठीत उतरवलेलं, अवघड जोडाक्षरं फोडून खाली पुन्हा लिहिलेली. "मी सांगतो म्हणून मानू नका, वाचून बघा," म्हणालात. आई बोट ठेवून वाचत गेली. 'ऋतू'च्या ओळीवर थांबली, ती ओळ परत वाचली आणि म्हणाली, "म्हणजे माझं काही नव्हतं त्यात." काका, त्या रात्री ती पोटभर जेवली.

पुढच्या पानांवर तुम्ही दोन्ही बाजू मांडल्यात. मिलिंदप्रश्न या जुन्या पाली ग्रंथातला भिक्खू नागसेन मिलिंद राजाला सांगतो की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नसते आणि निराळीही नसते. बाबासाहेबांच्या १९५७ साली आलेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्याच्या पुनर्जन्माला जागाच नाही, देहातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं आपापल्या साठ्यात मिसळतात. आणि गरिबाचे हाल त्याच्या मागल्या जन्मावर ढकलले की समाज जबाबदारीतून सुटतो, हेही त्यांनी रोखठोक लिहिलंय. यातलं काय धरायचं ते तुम्ही आईवर सोडलंत. आई बाबासाहेबांच्या बाजूची, मला नागसेनाचा दिवा सोडवत नाही. घरात आता यावर वाद होतात, इतक्या महिन्यांनी घरात आवाज असतो.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांबद्दलचं महापरिनिब्बान सुत्त मी त्यानंतर वाचलं. ऐंशी वर्षांचे बुद्ध बेलुव गावी मोठ्या दुखण्यातून उठलेत आणि आपला शिष्य आनंद याला सांगतायत की आतल्यांसाठी एक, बाहेरच्यांसाठी दुसरं असं न करता मी धम्म सांगितला, आचार्याची झाकलेली मूठ माझ्याकडे नाही. ज्याला बोधी लाभली त्याने मूठ उघडी ठेवली आणि त्याच्या नावावर दुकान मांडणारे पायऱ्या विकतायत! बेस्टमधून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट घालून, कापडी पिशवीत ग्रंथ घेऊन रविवारी सकाळी मंगलपरिणय आणि दुपारी जलदान, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा विधी, करणारे तुमच्यासारखे बौद्धाचार्य वस्तीवस्तीत आहेत. त्यांना कुणी गुरू म्हणत नाही, त्यांची तसबीर कुठे लागत नाही. माझ्या लेखी धम्म टिकलाय तो त्यांच्यामुळे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्मश्रवणाचा काळ, सुरू होईल. विहारातल्या ग्रंथवाचनात आईला एक दिवस स्वतः वाचायचंय, आणि खालच्या मजल्यावरच्या दोन मावश्यांनाही तशीच मोठ्या अक्षरांतली पानं हवी आहेत. कॅलेंडरं आम्ही जमवून ठेवलीत, स्केचपेनही आणलेत. कधी येताय ते कळवा. पाकीट देणार नाही, पण जेवल्याशिवाय सोडणारही नाही.

तुमची,
विक्रोळीची एक लेक