फोन बंद नाही, आई

ओडेन्से, डेन्मार्क, १२ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. फेसबुक-इन्स्टाग्रामवर मी दिसेनाशी झाले म्हणून आई काळजीत आहे, असं ताईने कळवलं. आत्याने तर नोकरी गेली का म्हणून विचारलं! काहीही झालेलं नाही. दोन्ही खाती मीच बंद केली. फोन चालू आहे, रविवारी करतेच की. इथे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या अंधारात एकटीने बसून लोकांच्या हळदी आणि नव्या गाड्या बघायचा मला कंटाळा आला. आता संध्याकाळी शेजारच्या आजींकडे जाते. एकटी पडलेय असं मनातही आणू नका.

त्यांच्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबरात इथे घरोघरी एक उंच मेणबत्ती आणतात. तिच्यावर वरून खाली १ ते २४ आकडे छापलेले असतात. रोज एकच आकडा जाळायचा. पेटवायची, तेवढं मेण उतरेपर्यंत थांबायचं आणि लगेच विझवायची. २४ ला संध्याकाळी यांचा नाताळ. भिंतीवर कॅलेंडर असताना हा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण ती पेटलेली असताना कुणाला उठून जाता येत नाही. लक्ष नसलं तर उद्याचा आकडाही जळतो, परवाचाही. म्हणून कुणीतरी समोर बसतंच. आजी लोकर विणतात, मी कागदाची हृदयं करते. लाल आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या एकमेकींत ओवायच्या, आत कप्पा तयार होतो, त्यात खाऊ घालून नाताळच्या झाडाला टांगायचं. परीकथा लिहिणारे अँडरसन याच गावात जन्मले. त्यांनी १८६० साली केलेलं असं हृदय सगळ्यांत जुनं मानतात. आई, फुंकर मारून ज्योत घालवलेली तुला चालणार नाही, ठाऊक आहे. आजींकडे लांब दांड्याची पितळी टोपी आहे, मी ती ज्योतीवर धरते.

बाबा, पाकिटावर तिकिटाशेजारी दुसरं एक रंगीत तिकीट दिसेल, ते टपालखर्चाचं नाही. तुम्ही उभी हयात पोस्टात काढलीत म्हणून मुद्दाम लावलं. डेन्मार्कच्या पोस्टातल्या आयनार होल्ब्योल नावाच्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातून हे निघालं आणि १९०४ साली पहिलं असं तिकीट आलं. त्याला वाटलं, नाताळात लोक ढिगाने पत्रं लिहितात, प्रत्येकावर एक जादा तिकीट चिकटवलं तर क्षयाने आजारी मुलांसाठी पैसा उभा राहील. जगातलं असं हे पहिलंच. ते पाकीट फाडू नका, कडेने कापा.

मार्गशीर्षातले गुरुवारही सोडलेले नाहीत. कलश मांडते, पोथी वाचते. झाडं सगळी बोडकी आहेत, म्हणून पानं फुलवाल्याकडून आणते.

बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे सोमवारी पाठवलेत, बँकेत बघून घ्या. घराचा हप्ताही गेला. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे हवी होते, पण रजा एप्रिलशिवाय मिळत नाही. दादा सुट्टी काढतोय, मी त्याच्याकडून वदवून घेतलंय. आई, तू एकटीने रिक्षाने धावपळ करू नकोस.

नाशिकच्या स्थळाचं. माझं खातं सापडलं नाही म्हणून त्यांना शंका आली, असं ताई म्हणाली. लपवण्यासारखं काही नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. मुलाला माझा पत्ता द्या. त्याने लिहिलं तर मी नक्की उत्तर देईन. त्याआधी होकार कळवू नका, एवढं माझं ऐका.

संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा खर्च करू नका. पाठवलातच, तर वड्या थोड्या जास्त घाला, आजींना द्यायच्या आहेत.

तुमची,
धाकटी