मेकफाइलमधली सेटिंग आत पोहोचत का नाही?

संपादक महोदय,

प्रोग्राम बांधणाऱ्या ‘मेक’ या साधनाच्या मुख्य मेकफाइलमध्ये (सूचनांच्या फाइलीत) ‘सीफ्लॅग्ज’ (सी कंपायलरला द्यायचे पर्याय) बदलले तरी स्वतःची मेकफाइल असलेल्या उपफोल्डरमधले बिल्ड (बांधणी) जुन्याच पर्यायांनी होते, यात नवे प्रोग्रामर तासन्‌तास अडकतात. ‘मेक’ १९७६ पासून वापरात आहे; एका मेकफाइलमधून दुसरीकडे होणारा मूल्यांचा हा प्रवास अभ्यासक्रमात यायलाच हवा.

ग्नू मेकमध्ये (‘मेक’च्या ग्नू आवृत्तीत) फाइलीत लिहिलेले व्हेरिएबल (नाव दिलेले मूल्य) ‘एक्स्पोर्ट’ केल्याशिवाय आतल्या, म्हणजे उपफोल्डरमध्ये चालणाऱ्या मेककडे जात नाही (ते आधीच एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांत, असेल तर गोष्ट वेगळी). एक्स्पोर्ट करूनही आतल्या फाइलीत साधे ‘=’ असेल तर तेच जिंकते; तिथे ‘?=’ (आधी मूल्य नसेल तरच नवे द्या) लिहावे. कमांड लाइनवर, म्हणजे मेक चालवतानाच्या आज्ञेत, दिलेल्या मूल्याचे उलटे. ते आपोआप आत पोहोचते आणि फाइलीतल्या ‘+=’ लाही (मूल्यात भर घालणाऱ्या चिन्हालाही) जुमानत नाही. भर घालायचीच असेल तर त्या ओळीआधी ‘ओव्हरराइड’ हा शब्द लागतो.

अंदाज बांधत बसण्याऐवजी मुख्य आणि आतल्या अशा दोन्ही मेकफाइलींत ‘इन्फो’ (मजकूर छापणारे) आणि ‘ओरिजिन’ (मूल्याचा उगम सांगणारे) ही फंक्शन्स वापरून मूल्य कुठून आले ते छापून पाहावे: फाइल, एन्व्हायर्नमेंट की कमांड लाइन.

आणि त्याआधी ‘मेक क्लीन’ (आधीच्या बांधणीच्या फाइली पुसणे) करावे. मेक फाइलींची वेळ पाहतो, पर्याय नाही. त्यामुळे सेटिंग अचूक पोहोचली तरी जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपायलरने आधी तयार केलेल्या) तशाच राहतात.

– एक वाचक